शब्दाची हिंसा आणि कायद्याची मर्यादा

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तीत अनुभव आहे आणि थोडी हतबलताही आहे. गावातल्या चार तोंडांचा उपद्रव सोसून माणसे जगत होती, कारण त्या तोंडांना अंतराची आणि काळाची मर्यादा होती. निंदा वेशीबाहेर सहसा जात नसे आणि वर्ष-दोन वर्षांत विसरलीही जाई. आता ती मर्यादा उरलेली नाही. मुलीचा पाठलाग करणारा इसम पूर्वी गल्लीच्या तोंडाशी उभा राही आणि दार लावून घेतले की निदान त्या रात्रीपुरता बाहेर राही. आज तो तिच्या उशाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये असतो. तो अपरात्री धमक्या पाठवतो. तिचे छायाचित्र उचलून एखाद्या विवस्त्र देहावर बसवतो. तिच्याच नावाने खोटे खाते उघडून तिचा फोन क्रमांक शेकडो अनोळखी पुरुषांच्या हाती देतो. आणि हे सारे करताना स्वतः निनावी राहतो.

अशी एखादी घटना उजेडात आली की समाजातून एकच मागणी होते : कायदा अधिक कडक करा, गुन्हेगारांना अशी शिक्षा द्या की पुन्हा कोणाची हिंमत होता कामा नये. ही मागणी संतापातून आलेली असते आणि तो संताप न्याय्यच आहे. तरीही प्रत्येक न्याय्य संतापातून न्याय्य कायदा जन्माला येतोच असे नाही. म्हणून ह्या लेखात आम्हांस एका नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माणसाच्या बोलण्यावर दंडसत्तेने हात टाकावा का, आणि टाकावा तर कोठवर?

प्रथम ज्यांना हा प्रश्नच अनाठायी वाटतो त्यांचा विचार करू. 'फोन बंद ठेवा, दुर्लक्ष करा, कोणी काही लिहिले म्हणून काय बिघडते?' असा सल्ला वडीलधारी मंडळी मोठ्या सद्भावनेने देतात. पण ह्या सल्ल्याचा अर्थ असा होतो की जिचा छळ होत आहे तिनेच शाळेच्या, नोकरीच्या, मैत्रिणींच्या जगातून बाहेर पडावे आणि छळणाऱ्याने तेथे मोकळे फिरावे. शिवाय फोन बंद केल्याने चित्र पुसले जात नाही. ते तिच्या भावाच्या, शिक्षकाच्या, होणाऱ्या सासरच्या हाती पोहोचतच राहते. अब्रू ही आपल्या समाजात केवळ भावनेची गोष्ट नाही. तिच्यावर माणसाचे लग्न, नोकरी, शेजार आणि कित्येकदा जगण्याची इच्छा अवलंबून असते. ती हिरावून घेणे ही हिंसाच आहे, आणि हिंसेपासून दुर्बलाचे रक्षण करणे हे राज्यसत्तेचे पहिले कर्तव्य आहे.

ही हिंसा मुळात नवीही नाही. दानीएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. दोन प्रतिष्ठित वृद्ध बागेत लपून तिला न्याहाळतात. मग तिला धमकावतात : आमचे ऐक, नाहीतर तुझी बदनामी करू. ती नकार देते आणि ते भर सभेत तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. चोरून पाहणे, त्याचा धाक घालणे आणि नकाराचा सूड बदनामीने उगवणे, ह्या तिन्ही पायऱ्या आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्यातील तक्रारीत जशाच्या तशा आढळतील. सभेने त्या दोघांवर विश्वास ठेवला, कारण ते वडीलधारे होते, न्यायाधीश होते. पण तरुण दानीएलाने काय केले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो तिच्या मदतीला तत्काळ धावला, पण त्याने जमावाला त्या वृद्धांवर सोडले नाही. त्याने दोघांना वेगळे केले, एकेकाची स्वतंत्र साक्ष घेतली आणि मगच निवाडा झाला. तातडी आणि काटेकोरपणा ह्या दोन्ही गोष्टी त्या न्यायात एकत्र होत्या. आमच्या मते कायद्याच्या बळकटीचा खरा अर्थ ह्या दोन शब्दांत आहे. दुर्दैवाने आपल्या देशाने गेल्या पंचवीस वर्षांत कधी एक साधले तर दुसरे गमावले.

भारतात ह्या विषयावर कायदाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात संमतीवाचून दुसऱ्याच्या गुप्तांगाचे चित्र घेणे वा प्रसृत करणे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हे गुन्हे आले. लैंगिक कृत्याचे चित्रण प्रसृत करणाऱ्यास पहिल्याच अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बालकांविषयी स्वतंत्र कलम आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ साली फौजदारी कायद्यात स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तिच्या इंटरनेटवरील व्यवहारांवर पाळत ठेवणे हेही त्यात समाविष्ट केले गेले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद अठ्ठ्याहत्तराव्या कलमात आहे.

ह्या कायद्यांचा उपयोग होतो का? चेन्नईतील एका खटल्याचे उदाहरण येथे देतो. एका घटस्फोटित स्त्रीने एका पुरुषाशी विवाह करण्यास नकार दिला. त्याने तिच्या नावाने इंटरनेटवरील एका गटात अश्लील मजकूर घातला आणि तिचा फोन क्रमांक जाहीर केला. तिला परक्या पुरुषांचे दूरध्वनी येऊ लागले. तिने २००४ च्या फेब्रुवारीत तक्रार केली. पोलिसांनी त्या इसमास मुंबईत येऊन पकडले, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून कैदेची शिक्षा दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भारतात गुन्हा सिद्ध झाल्याच्या अगदी आरंभीच्या खटल्यांत ह्याची गणना होते. त्यावेळी ना पाठलागाचे कलम होते, ना तोतयेगिरीचे. अश्लीलतेविरुद्धचे एक कलम आणि इंग्रजी अमदानीतील १८६० च्या दंडसंहितेची दोन जुनी कलमे एवढ्यावर हे साधले. शिक्षाही फार मोठी नव्हती. परंतु ती नेमक्या माणसाला, नेमक्या कृत्यासाठी आणि वेळेवर मिळाली.

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहू. ते आपल्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. २००८ च्या त्याच दुरुस्तीने, संसदेत फारशी चर्चा न होता, सहासष्ट-अ हे एक कलम कायद्यात आले. इंटरनेटवरून 'अतिशय आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे, त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवणे, अशा गोष्टींना त्याने तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली. हेतू छळ रोखण्याचा, असेच त्यावेळी सांगितले गेले. पण आक्षेपार्ह म्हणजे काय, त्रास कोणाला आणि किती, ह्याची व्याख्या कोठेच नव्हती.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे ह्यांचे निधन झाले. मुंबई आणि आसपासचा परिसर बंद झाला. पालघर येथील एका तरुणीने ह्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तीत शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिच्या मैत्रिणीने त्या ओळी आवडल्याची खूण केली. जमाव जमला, नातेवाइकाच्या दवाखान्याची नासधूस झाली आणि पोलिसांनी अटक केली ती ह्या दोन मुलींना. लावलेल्या कलमांत सहासष्ट-अ होते. पुढे देशभर टीका झाली, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि ते प्रकरण बंद झाले. पण ज्या कलमाने छळलेल्या मुलीचे रक्षण व्हावयाचे होते त्याच कलमाने दोन मुलींना ठाण्यात नेले, ही वस्तुस्थिती पुसली जात नाही.

ह्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल ह्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन ह्यांच्या खंडपीठाने ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. एखाद्या विषयाची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि हिंसेला चिथावणी देणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि राज्यसत्तेचा हात तिसऱ्या टप्प्याशी पडू शकतो, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. तरीही पोलीस त्या रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवीतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असे पुन्हा बजावावे लागले. केरळ सरकारने २०२० च्या नोव्हेंबरात तशाच धर्तीचा एक वटहुकूम काढला. स्त्रियांचा इंटरनेटवरील छळ थांबवणे हेच त्याचेही कारण सांगितले होते. टीकेचा गदारोळ होताच काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

ह्यातून काय शिकावे? संदिग्ध शब्दांचा कायदा दुर्बलाच्या हाती कधीच राहत नाही. ज्याला ठाण्याच्या दाराशी शंभर माणसे उभी करता येतात त्याच्या हाती तो जातो. छळली गेलेली मुलगी एकटी असते, आणि 'भावना दुखावल्या' म्हणणारा जमाव मोठा असतो. संख्येने लहान असलेल्या आपल्यासारख्या समाजाने तर हे विशेष ओळखले पाहिजे. आज दुसऱ्याच्या तोंडावर बसणारी चिकटपट्टी उद्या आपल्या तोंडावर बसण्यास वेळ लागत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी 'सुम्मा थिओलॉजिया' ह्या ग्रंथात मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला बंदी करावी का, असा प्रश्न स्वतःलाच घातला आहे. त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. कायदा हा बहुसंख्य अपूर्ण माणसांसाठी असतो. म्हणून त्याने जे दुर्गुण अधिक गंभीर आहेत, विशेषतः जे दुसऱ्याला इजा करतात आणि ज्यांना रोखल्यावाचून समाज टिकू शकत नाही, तेवढेच रोखावेत. आठवी आज्ञा प्रत्येक असत्याला पाप म्हणते, पण म्हणून प्रत्येक असत्याला तुरुंग असावा असे कोणी म्हणत नाही.

हा निकष लावला की रेषा बरीच स्पष्ट होते. कोणाच्या मताची, पुढाऱ्याची, पंथाची कठोर, अगदी कडवट टीका करणे हा कोणाला मनस्ताप असेल, पण तो गुन्हा नव्हे. ठार मारण्याची वा बलात्काराची धमकी देणे, नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पिच्छा पुरवणे, दुसऱ्याच्या खाजगी देहाचे चित्र, खरे वा बनावट, पसरवणे, दुसऱ्याच्या नावाने वावरून त्याला संकटात लोटणे हे गुन्हे होत. पहिल्या प्रकारात ऐकणाऱ्याला राग येतो. दुसऱ्यात एका विशिष्ट माणसाचे स्वातंत्र्य आणि सुरक्षितता हिरावली जाते. कायद्याने कृत्याचे नाव घ्यावे. ऐकणाऱ्याच्या भावनेवरून गुन्हा ठरवू नये.

अशा नेमक्या कायद्यात आजही उणिवा आहेत आणि त्या भरून काढल्या पाहिजेत. पाठलागाचे कलम केवळ स्त्रीचे रक्षण करते. वसतिगृहातील एखाद्या मुलाला सहाध्यायांनी अशाच रीतीने छळले तर त्याच्यासाठी ते नाही. कोणाचा पत्ता, फोन क्रमांक वा मुलांची शाळा सूडबुद्धीने चव्हाट्यावर मांडणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून संहितेत नाही. आणि सर्वांत अवघड गाठ आहे ती झुंडीची. हजार माणसे एका व्यक्तीवर प्रत्येकी एकच घाणेरडे वाक्य फेकतात. कोणा एकाने पुन्हा पुन्हा पाठलाग केलेला नसतो, आणि तरीही ती व्यक्ती दगडांच्या ढिगाखाली गाडली जाते. झुंड जमवणाऱ्या सूत्रधारास कायदा गाठू शकेल, त्याने गाठावेही. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना तुरुंगात घालू पाहणारा कायदा मात्र पुन्हा सहासष्ट-अ च्या वाटेला लागेल.

शिक्षेची वर्षे वाढवण्याविषयी आम्ही साशंक आहो. इटलीतील विचारवंत चेझारे बेकारिया ह्यांनी १७६४ साली असे प्रतिपादन केले होते की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या निश्चितीचे भय अधिक असते. आपल्याकडे अडते ते ह्या निश्चितीपाशी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात सायबर गुन्ह्यांची नोंद २०२१ मध्ये ५२,९७४ होती, ती २०२२ मध्ये ६५,८९३ झाली. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकरणे पैशांच्या फसवणुकीची होती. छळाच्या तक्रारीचा क्रम साहजिकच मागे पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि निरीक्षकाच्या टेबलावर इतर कामांचा डोंगर असतो. कंपन्यांकडून माहिती मिळवणे, फोनची वैज्ञानिक तपासणी करणे, पुरावा न्यायालयात टिकेल असा जपणे ह्याला प्रशिक्षित माणसे लागतात. तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला 'तू असे फोटो काढलेसच कशाला?' असे विचारले जात असेल तर दहा वर्षांची शिक्षाही कागदावरच राहील. म्हणून आम्हांस हवी असलेली बळकटी अशी आहे : चित्र काही तासांत हटवले जावे, तक्रार सन्मानाने घेतली जावी, तपास प्रशिक्षित माणसांनी करावा आणि निकाल महिन्यांत लागावा.

शिक्षेच्या तीव्रतेचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. हे गुन्हे करणारे हात कित्येकदा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे असतात. ती मुले बाहेरून आलेली नसतात, आपल्याच घरांत वाढलेली असतात. त्यांना दंड व्हावा, पण तो त्यांना माणूस म्हणून परत मिळवणारा असावा. जो बाप आपल्या मुलीसाठी कडक कायदा मागतो त्याने आपल्या मुलासाठीही तोच कायदा मान्य होईल का, हे स्वतःला विचारून पाहावे. दोन्ही बाजूंनी उत्तर सारखे आले तरच तो कायदा न्याय्य समजावा.

आणि येथे कायद्याची हद्द संपून आपली सुरू होते. छळणारा एक असतो, पण ते चित्र पुढे ढकलणारे शेकडो असतात, आणि त्यांत आपल्या नात्यातली, आळीतली, अगदी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारी माणसेही असतात. 'मी काही केले नाही, आले ते पुढे पाठवले', 'फोटो खराच आहे, मी कुठे खोटे बोललो?' ही समर्थने आपण ऐकतो. ख्रिस्ती नीतिशास्त्राने ह्या दुसऱ्या समर्थनाला पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. खोटा आळ घेणे हे जसे पाप तसेच सबळ कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष उघड करणे हेही पाप मानले गेले आहे. शिवाय ज्याने दुसऱ्याचे नाव घालवले त्याच्यावर ते शक्य तितके भरून देण्याचे बंधन आहे. केवळ कबुलीजबाब देऊन तो मोकळा होत नाही. चोरीचा माल परत करावा लागतो, तसेच हे आहे. ज्या गटात आपण ते चित्र टाकले त्याच गटात 'हे मी पाठवावयास नको होते, कृपया पुसून टाका' असे लिहिणे ही त्या भरपाईची पहिली पायरी होय. असे करण्यास कोणताही न्यायाधीश आपल्याला भाग पाडणार नाही.

घरातली मुलगी रडत येऊन काही सांगू लागली तर पहिल्या पाच मिनिटांत आई-बाप काय बोलतात ह्यावर पुष्कळ काही ठरते. तिचा फोन काढून घेणे ही बहुतेक घरांतील पहिली प्रतिक्रिया असते, आणि म्हणूनच मुली सांगत नाहीत. धमकी देणाऱ्याचे खरे बळ तिच्या ह्या मौनातच असते. 'बाबांना सांगेन' ह्या धाकावरच त्याचा सारा व्यापार चालतो. बाबांना आधीच ठाऊक असेल आणि बाबा तिच्या बाजूने उभे असतील, तर त्या व्यापाराचे भांडवलच संपते. मजकूर पुसून न टाकता जपून ठेवावा, त्याची चित्रे तारीख-वेळेसह घ्यावीत, पैसे देऊ नयेत आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर घरबसल्याही तक्रार करता येते. स्त्रिया व बालकांविषयीच्या अश्लील मजकुराची माहिती तेथे नाव न देताही कळवता येते.

बोलणाऱ्याचे प्रत्येक तोंड धरण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला देऊ नये, आणि तोंडाच्या आडून हात चालवणाऱ्याला मात्र सुटू देऊ नये. एवढा विवेक कायद्यात आणण्यासाठी आपण लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरला पाहिजे. उरलेले काम विधिमंडळात होण्यासारखे नाही. रात्री फोनवर आलेले एखाद्याच्या लेकीचे चित्र पुढे पाठवावयाचे की तेथेच थांबवावयाचे, हा निवाडा प्रत्येकाला एकट्यानेच करावा लागतो.